बारावी खोबण

भिंगबाईंच्या पेटीला खोबणी होत्या बारा आणि नाणी अकरा.

पेटी करून देणाऱ्या सुतारानं चार-चारच्या तीन रांगा मोजून बारा खोबणी कोरल्या; अकरा खोबणींची पेटी करायला त्याचा हातच धजला नसता. त्याला आता वीस वर्षं झाली. वर काच, आत गडद मखमल आणि प्रत्येक खोबणीत एक चांदीचं नाणं. शेवटची खोबण तेवढी रिकामी. नाण्यांच्या प्रदर्शनात कुणी विचारलंच तर बाई म्हणायच्या, "जागा राखून ठेवलीय." कुणासाठी, ते काही सांगायच्या नाहीत. विचारणाऱ्याला वाटायचं, असेल एखादं दुर्मीळ नाणं, बाई त्याच्या मागावर असतील. तोही मग पुढच्या पेटीकडे सरकायचा.

खरी गोष्ट निराळी होती. पण ती कळायला आधी बाईंच्या डोळ्यांची गोष्ट कळायला हवी.

कापडाच्या गिरणीत त्या छत्तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. टेबल म्हणजे खालून दिवा लावलेली उतरती काच. तिच्यावरून कापड सरकत जायचं आणि बाई मान खाली घालून बघायच्या. तुटलेला धागा, दुहेरी गेलेला धागा, तेलाचा मोहरीएवढा ठिपका, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. हातात कायम एक घडीचं पितळी भिंग असायचं, इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं. त्यावरून विणकरांनी त्यांना भिंगबाई म्हणायला सुरुवात केली, आणि म्हटलं ते काही प्रेमानं नव्हे. बाईंनी खडूची खूण केली की अख्खा तागा माघारी जायचा आणि विणकराच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांच्यातला सगळ्यात भांडकुदळ विणकर पुढे आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही होतात म्हणून आमचा माल लोक डोळे मिटून घेत होते." बाईंना आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ चांगलं म्हटलं असेल, पण हे वाक्य त्यांनी देवाच्या नावाशेजारी जपून ठेवलं.

नाण्यांचा नाद लागला तोही कापडामुळेच. मावशीच्या बैठकीच्या खोलीत एक जाड पडदा होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत, वजनाला, चांदीचं एक नाणं शिवून टाकलेलं. मावशी गेली, घर आवरायला घेतलं, पडदा उतरला. बाईंनी बसल्या बसल्या दुमड उसवली आणि चाळीस वर्षं कापडाच्या कुशीत झोपलेलं ते नाणं त्यांच्या तळहातावर घरंगळलं. कडेला गर्द निळं, त्याच्या आत जांभळं, मग तांबूस आणि मधोमध फिकट सोनेरी. उगवतीचं अख्खं आभाळ बोटाएवढ्या चांदीत मावलेलं. बाईंनी सवयीनं भिंग लावलं, तर त्या रंगावर बारीक बारीक चौकटी. धाग्यांच्या. पडद्याची वीण जशीच्या तशी चांदीवर उतरली होती.

त्या दिवसापासून बाई घासूनपुसून लखलखीत केलेल्या नाण्याकडे ढुंकून पाहीनाशा झाल्या. त्यांना हवं ते आपसूक रंगलेलं नाणं. हवेत, कापडात, कागदात असतो तो गंधक चांदीवर हलके हलके बसत जातो. थर जाडावेल तसा रंग बदलतो. आधी पिवळा, मग तांबडा, मग जांभळा, मग निळा. या क्रमात उडी नाही, वशिला नाही. बाईंना त्यात परमेश्वराची शिस्त दिसायची. "तो कुणाला दिसू न देता काम करतो," त्या नणंदेला सांगायच्या, "आणि झालं की आपण फक्त बघायचं."

"आणि आपण भांडी घासायची," नणंद म्हणायची. नणंद टपालखात्यातून निवृत्त झालेली, धाकटी, जिभेला धार. पण वहिनीवर तिचा जीव.

बाईंचे यजमान पावाच्या भट्टीचे मालक. सगळा रस्ता त्यांना भट्टीवाले म्हणायचा. गडी अंगानं थोराड, मनानं लोण्याचा गोळा. बायकोच्या छंदातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण अभिमान एवढा की पाव घ्यायला आलेल्या माणसाला पाव बाजूला ठेवून आधी नाण्यांचं सांगायचे.

तर लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या सकाळी, म्हणजे पेटी घरी येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, भट्टीवाल्यांनी बायकोपुढे एक छोटी पत्र्याची डबी धरली. आत चांदीचं नाणं. निळा, पिवळा, जांभळा, नुसती बहार.

"बाजारात एका म्हाताऱ्याकडे मिळालं," ते म्हणाले. "बघ की, भिंग लावून बघ."

बाईंनी भिंग लावलं. एक मिनिट गेलं असेल नसेल. निळ्याला खेटून पिवळा होता. मधला तांबडा कुठे गेला? खऱ्या नाण्यावर रंग अक्षरांच्या कडेशी येऊन किंचित मागे सरतो, इथं तो अक्षरांवरून बिनदिक्कत वाहत गेला होता. काठाच्या एका खाचेत पिवळा कण अडकला होता. डबीला उकडलेल्या अंड्याचा वास. बाईंनी मान वर केली तर यजमानांच्या उजव्या अंगठ्यावर पाण्यानं टरारलेला फोड. आणि त्या सगळ्याच्या वर त्यांचा चेहरा, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

खडू जणू हातातच होता. गिरणीत तो कधी अडखळला नव्हता.

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या.

"पेटीत ठेवशील ना?"

"छे हो. हे माझं आहे. लोकांना कशाला दाखवू?"

भट्टीवाले केवढे खूश झाले. बाईंनी डबी कपाटात आपल्या पत्रांच्या गठ्ठ्यामागे ठेवली. पेटीत ते नाणं ठेवणं त्यांना शक्य नव्हतं, कारण पेटीवरच्या चिठ्ठीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: "या पेटीतल्या प्रत्येक नाण्याचा रंग काळानं दिलेला आहे." पण त्या खोबणीत दुसरं नाणं ठेवायलाही हात होईना. आणलेली चांगली चांगली नाणी त्यांनी परत केली. खोबण रिकामी राहिली ती अशी.

*

यंदाचं प्रदर्शन बाईंचं शेवटचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर म्हणत होते, शस्त्रक्रियेनंतर रंग उलट छान दिसतील. पण बाईंनी ठरवून टाकलं होतं, या डोळ्यांनी जमवलं, याच डोळ्यांनी शेवटचं मांडायचं. नाणेसंग्राहक मंडळाचं पदक त्यांना आजवर मिळालेलं नव्हतं. दोनदा हातातोंडाशी येऊन गेलं होतं. यंदा मात्र मंडळाचे चिटणीसच म्हणत फिरत होते की या वर्षी बाईंना पर्याय नाही.

सकाळी निघताना चष्मा सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी भट्टीवाल्यांनीच तो आणून दिला, म्हणाले उशीखाली होता. पेटीही त्यांनीच उचलली, बाईंचे गुडघे बोलत होते म्हणून. सभागृहात पोचल्यावर बाई नोंदणीच्या टेबलाशी सह्या करत राहिल्या, तोवर पेटी टेबलावर मांडून झाली, चिटणीसांनी काचेला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आता परीक्षण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

बाई आपल्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पेटीकडे पाहिलं. बारावी खोबण भरलेली होती.

"बघ," भट्टीवाले शेजारी वाकून हळूच म्हणाले. "भरली ना जागा?"

"हे कधी केलंत?"

"तू चष्मा शोधत होतीस तेव्हा. चष्मा मीच लपवला होता."

"कशाला हो केलंत असं?"

"शेवटचं वर्ष म्हणतेस. वीस वर्षं जागा राखून ठेवलीस. मला काय कळत नाही, कुणासाठी ते?"

जागा कुणासाठी ते यजमानांना अचूक कळलं होतं; ती रिकामी का, तेवढंच कळलं नव्हतं.

"अहो, पण परीक्षक बारकाईनं बघतात."

"बघू देत की. तुझ्या भिंगाखालून गेलंय ते. तुझ्या भिंगापुढे त्यांचं भिंग म्हणजे बाटलीचं बूड." असं म्हणून ते खुर्चीत ऐसपैस बसले, पोटावर हात बांधून.

नणंद समोरच्या रांगेतल्या पेट्या बघून परत आली. "वहिनी, चेहरा असा काय झालाय? पदक अजून मिळायचंय, आत्तापासून रडायचं नाही."

"पाणी आण गं जरा," बाई म्हणाल्या.

चिटणीसांना हाक मारावी, किल्ली मागावी, नाणं काढून टाकावं. दोन मिनिटांचं काम. पण चिटणीस विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर यजमानांच्या तोंडावर द्यायचं. दोनदा त्या उठल्या आणि दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा बसताना भट्टीवाल्यांनी काळजीनं विचारलं, "गुडघा का?" बाई म्हणाल्या, "हो, गुडघाच." आणि तिकडे परीक्षक एकेक पेटी संपवत रांगेतून पुढे सरकत होते.

परीक्षक बाहेरगावचे होते. उंच, कृश, हातात पांढरे मोजे, आणि बोलणं असं की शब्द जणू तोलून द्यावे लागतात. त्यांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: जे चिठ्ठीवर ते पेटीत आणि जे पेटीत ते चिठ्ठीवर. जुळलं नाही तर पेटी बाहेर. त्या सकाळी दोन पेट्या बाहेर गेल्याही होत्या. त्यांतल्या एकीचा मालक दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली बाजू समजावत होता आणि लोक घड्याळ बघत निसटत होते. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात देवाला म्हटलं, तुला मी आजवर काही मागितलं नाही, आजही मागत नाही. फक्त तोंडातून खोटं निघू देऊ नकोस आणि या माणसाची मानही खाली जाऊ देऊ नकोस. मग त्यांच्या लक्षात आलं की हे मागणंच झालं, आणि एक नव्हे, दोन.

चिटणीसांनी कुलूप काढलं. परीक्षकांनी पहिलं नाणं उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं, ते काढीचनात.

"हे कुठलं?"

"पडद्याच्या दुमडीतलं."

"धागे दिसतायत."

"इंचाला बासष्ट उभे, छप्पन आडवे," बाई म्हणाल्या. जिवाची घालमेल चालली होती तरी हे आपोआप तोंडून आलं.

"इथे एक तुटलाय."

"तो मावशीच्या मांजरीनं ओढलेला."

परीक्षकांच्या ओठांचा एक कोपरा हलला. चिटणीसांनी नणंदेकडे भुवया उंचावून पाहिलं. एवढं तर ते वर्षभरात हसत नाहीत, असा त्याचा अर्थ. दुसरं नाणं व्हायोलिनच्या पेटीतलं, मखमलीत अर्धं रुतून बसलेलं, त्यामुळे निम्म्यावर संध्याकाळ आणि निम्म्यावर दुपार. तिसरं जुन्या पाकिटातलं, पाकिटाच्या डिंकाच्या पट्टीचा तिरका सोनेरी पट्टा अंगावर वागवणारं. एक नाणं जाड पुस्तकाच्या पानांत खुणेसाठी ठेवलेलं होतं, त्यावर चंद्रकोरीएवढाच रंग. परीक्षक विचारत गेले, बाई सांगत गेल्या. आजूबाजूला माणसं गोळा झाली. भट्टीवाल्यांची छाती इंचाइंचानं फुगत होती. अकरावं नाणं जाग्यावर गेलं आणि मोज्यातला हात बाराव्याकडे वळला.

या वेळी भिंग लगेच खाली आलं.

"बाई," परीक्षक म्हणाले, "अकरा नाणी पाहताना मी माझं भिंग खिशात ठेवून द्यायच्या बेतात होतो. तुमच्या शब्दावरच काम भागलं असतं. हा रंग काळानं दिलेला नाही. उष्णतेचा आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

प्रश्न साधा होता आणि उत्तरं दोनच होती. नाही म्हटलं तर छत्तीस वर्षांचा डोळा मातीमोल. हो म्हटलं तर सहीनिशी लबाडी, नाहीतर शेजारच्या खुर्चीकडे बोट. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले.

"पेटी माझी आहे," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीवर सही माझी आहे. काय करायचं ते माझ्या नावावर करा."

"मी विचारलं ते हे नाही."

"थांबा हो." खुर्ची करकरली. भट्टीवाले उभे राहिले होते. चेहऱ्यावरचं रक्त पार उतरलं होतं, पण आवाज भट्टीवर असतो तसाच खणखणीत. "हिला काय विचारताय? मी केलंय ते. पाव काढून झाल्यावर भट्टीत धग उरते ना, त्या धगीत. उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून खाली पसरला, वर नाणं, वर झाकण. तीनदा बिघडलं, चौथ्यांदा जमलं." एवढं सांगताना त्यांच्या आवाजात नकळत कारागिराचा ताठा आला, आणि तो त्यांनाच जाणवून त्यांनी सूर खाली आणला. "हिला मी फसवलं. वीस वर्षांपूर्वी. आणि आज इथं ठेवलंही मीच, हिच्या नकळत. हिच्या सहीला बोल लावू नका."

मग ते बायकोकडे वळले. तिथं मात्र आवाज अगदी बारीक झाला.

"अगं पण तुझ्या भिंगाखालून गेलं होतं ना ते?"

बाईंना वाटलं, आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि नवल म्हणजे त्याची भीतीही वाटेना. माणूस आपली लबाडी चारचौघांत पदरात घेऊन आपल्यासमोर उभा आहे. त्याला अर्धं सत्य देणं म्हणजे त्याचा अपमान.

"नाही गेलं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच मिनिटाला कळलं होतं."

"पहिल्याच?"

"छत्तीस वर्षांत मी एकही खोट पास केली नाही. आयुष्यात एकच केली, तीही खडू हातात असताना. ती तुमची."

भट्टीवाल्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. आता हा माणूस रडतो की काय म्हणून नणंद पाण्याचा पेला घेऊन पुढे झाली. पण त्यांच्या कपाळावर हळूहळू एक वेगळीच आठी उमटली. पाव फसला की उमटायची ती.

"कशावरनं कळलं?"

"निळ्याला लागून पिवळा आलाय. मधला तांबडा कुठे गेला? आणि काठाच्या खाचेत बलकाचा कण होता."

"कण राहिला होता?"

"आणि अंगठ्याला फोड."

"दादा," नणंद म्हणाली, "दरोडा घालायला कधी जाऊ नकोस. घरच्या नावाची पाटीसुद्धा तिथं लावून येशील."

लोक हसले. आधी बिचकत, मग मोकळेपणानं. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी नाणं हळूच खोबणीत ठेवलं आणि हातातले मोजे काढले.

"ऐका," ते म्हणाले. "नकळत ठेवलं गेलं, हे तुमच्या यजमानांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय. ते मी तसं लिहून घेतो, त्यांनी सही करावी, नाणं बाहेर काढावं. पेटी स्पर्धेत राहील. आणि स्पर्धेत राहिली तर," त्यांनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली, "मला पुढे फार विचार करावा लागणार नाही."

"काढा, काढा," भट्टीवाले घाईघाईनं म्हणाले. "कुठे सही करायची?"

"आणि नाणं राहिलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर चिठ्ठी बदलावी लागेल. बदललेल्या चिठ्ठीची पेटी प्रदर्शनात राहते, पदकाला उभी राहत नाही. पदक कुलूप लागलं त्या वेळच्या चिठ्ठीवर ठरतं."

"अगं, काय विचारतेस? काढ ते."

बाईंनी पेटीकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती भरलेली दिसत होती. अकरा नाण्यांवर देवानं फुरसतीनं काम केलं होतं. बाराव्यावर एका माणसानं, पहाटेपासून पाव भाजून पाय भरून आलेले असताना, तीनदा बिघडवून चौथ्यांदा. त्यात खोटं काय होतं? रंग खोटा नव्हता, तो डोळ्यांना दिसत होता. खोटी होती ती बाजारातल्या म्हाताऱ्याची कथा. आणि त्या कथेला आपण 'सुंदर आहे' म्हणून दुजोरा दिला. आता ती कथा गेली. उरलं ते झाडून सगळं खरंच आहे की.

"मला एक कोरी चिठ्ठी द्या," त्या चिटणीसांना म्हणाल्या.

"बाई, पदक..." चिटणीस चाचरले.

"चिठ्ठी द्या."

डोळ्यांपुढे धुकं होतं म्हणून अक्षर थोडं मोठं काढावं लागलं. लिहून झाल्यावर त्यांनी शाई वाळू दिली आणि चिठ्ठी परीक्षकांच्या हातात ठेवली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, सवय नसल्यासारखी, थांबत थांबत:

"या पेटीतल्या अकरा नाण्यांचा रंग काळानं दिलेला आहे. बाराव्या नाण्याचा रंग माझ्या यजमानांनी पावाच्या भट्टीत, अंड्याच्या बलकावर, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दिलेला आहे. दोन्हींतला फरक पाहायचा असल्यास भिंग शेजारी ठेवले आहे."

मग बाईंनी आपलं पितळी भिंग उघडलं आणि पेटीच्या शेजारी ठेवलं. ते आजवर त्यांनी कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

परीक्षकांनी चिठ्ठी काचेवर नीट लावली, कडा अंगठ्यानं दाबल्या. "जुळलं," ते म्हणाले, आणि पुढच्या पेटीकडे गेले.

*

पदक तांब्याच्या नाण्यांच्या एका पेटीला मिळालं. पेटी चांगली होती. बाईंनी हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या आणि त्या मनापासूनच्या होत्या. क्षणभर काळजात काही हललं नाही असं नाही. हललं, आणि बसलं.

कारण त्यांना त्याच्याकडे बघायला वेळच नव्हता. दुपारनंतर पेटीसमोर रांग लागली होती. लोक आधी पडद्याचं नाणं बघायचे, मग भट्टीचं, मग परत पडद्याचं. कुणी विचारायचं, कुठे बघायचं? बाई सांगायच्या, अक्षराच्या कडेशी बघा, तिथं रंग मागे सरतो. आणि समोरच्या माणसाचा चेहरा भिंगाखाली एकदम उजळायचा. पदकाची पेटी काचेआड शांत होती. ही पेटी बोलत होती. संध्याकाळी स्वतः परीक्षक मंडळाच्या चार नव्या सभासदांना घेऊन आले.

"वीस वर्षं मी लोकांना खऱ्या-खोट्यातला फरक तोंडी समजावतोय," ते म्हणाले. "दोन्ही एका काचेखाली, नावानिशी, मी कधी पाहिली नाहीत. खोटं नाणं कुणी स्वतःचं म्हणून दाखवतच नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी ही पेटी पुन्हा मांडाल का? स्पर्धेबाहेर. शिकवायला."

"डोळ्यांचं काम आहे अजून," बाई म्हणाल्या. "ते झालं की बघू."

"म्हणजे मांडणार," नणंद चिटणीसांच्या कानाशी म्हणाली. "शेवटचं वर्ष, शेवटचं वर्ष करून दादाला उगीच चष्मा लपवायला लावला."

आणि भट्टीवाले? ते पेटीच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढून बसले होते. सुरुवातीला अंग चोरून, नजर जमिनीला. मग कुणीतरी विचारलं, झाकण कसलं होतं? त्यांनी सांगितलं, पत्र्याचं. मग दुसऱ्यानं विचारलं, किती वेळ? हळूहळू मान वर आली. आणि आता एक जोडपं पेटीवर वाकलं होतं तर ते त्यांना थांबवून सांगत होते. बाई ऐकत होत्या. नाण्याचं संपलं, भट्टीचं संपलं, आणि मग ते खुर्चीत पुढे सरकले.

"मुद्द्याचं पुढेच आहे. तीन नाणी वाया घालवून चौथं साधलं होतं मी. आणि हिनं," त्यांनी बाईंकडे हात केला, सगळ्या सभागृहाला दिसेल असा, "हिनं पहिल्या मिनिटाला पकडलं. एका मिनिटात हो. असा डोळा दाखवा मला दुसरा."